स्वादुपिंडदाहावरच्या औषधाची प्राण्यांवर चाचणी: आखणीपासून अहवालापर्यंत

तीव्र स्वादुपिंडदाहापासून (स्वादुपिंडाला अचानक येणारी सूज आणि इजा) उंदरांना वाचवणाऱ्या पदार्थांची यादी करायला बसलात तर वही पुरणार नाही. अँटिऑक्सिडंट, वनस्पतींचे अर्क, स्टॅटिन, प्रोटिएज रोखणारी औषधं, सायटोकाइनविरोधी प्रतिपिंडं, सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रयोगात रक्तातलं अमायलेज (दुखावलेल्या स्वादुपिंडातून गळणारं एन्झाइम) खाली आणलं आहे. रुग्णाला मात्र आजही शिरेतून द्रव, वेदनाशामक, जमेल तितक्या लवकर तोंडाने अन्न आणि गुंतागुंतीवर बारीक नजर एवढंच मिळतं. रोगाची वाटच बदलेल असं सर्वमान्य औषध हाती नाही.

ही दरी कशी पडते ते लेक्सिपाफँटच्या उदाहरणातून कळतं. प्लेटलेट-ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर या दाह भडकवणाऱ्या रेणूला अडवणारं हे औषध. प्राण्यांत ते चाललं, छोट्या मानवी चाचण्यांतही आशा दिसली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या २९० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मात्र अवयव निकामी होण्यात त्याने फरक पडला नाही. त्या रुग्णांपैकी ४४ टक्के जणांचे अवयव चाचणीत दाखल होतानाच निकामी झालेले होते. प्रयोगशाळेत औषध आधी आणि रोग नंतर येतो. दवाखान्यात रोग आधी येतो, तोही कित्येक तास आधी.

याची दुसरी बाजूही आहे. ईआरसीपी म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिका आणि स्वादुनलिकेवर करायची प्रक्रिया. तिच्यानंतर काही रुग्णांना स्वादुपिंडदाह होतो. इथे इजा कधी होणार हे डॉक्टरला ठाऊक असतं. २०१२ च्या एका चाचणीत जास्त जोखमीच्या रुग्णांना प्रक्रियेनंतर लगेच गुदमार्गे इंडोमेथासिन दिलं, तेव्हा हे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आलं. म्हणजे ‘आधीच किंवा लगेच औषध’ हा प्रश्न निरर्थक नाही. तो वेगळ्या रुग्णाचा प्रश्न आहे. खाली जे सांगतो आहे त्यात मी हाच धोशा पुन्हा पुन्हा लावणार आहे: औषध कुठल्या वेळी दिलं यावर तुमच्या निकालाचा अर्थ ठरतो, आणि ती वेळ आखणीच्या पहिल्या दिवशी पक्की व्हायला हवी.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि लिहा: ‘हे औषध, या मात्रेत, रोग सुरू होण्याच्या इतके तास आधी किंवा नंतर दिल्यास, अमुक वेळी मोजलेली अमुक गोष्ट, व्हेइकल (औषध विरघळवायचा नुसता द्रव) दिलेल्या प्राण्यांच्या तुलनेत कमी होते का?’ यातली एकही जागा रिकामी राहत असेल तर प्राणी मागवू नका.

‘अमुक गोष्ट’ एकच हवी. तिला मुख्य निकष म्हणायचं. अमायलेज, लायपेज, ट्रिप्सिन, सूज, पेशीनाश, आयएल-६ (दाहाचा निरोप नेणारं सायटोकाइन), फुफ्फुसातले न्यूट्रोफिल (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) असं सगळं मोजणार हे खरं. पण त्यातलं कुठलं एक खाली आलं की औषध चाललं म्हणायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर दहापैकी एखादं नशिबानेच खाली येतं आणि तेच शोधनिबंधाच्या शीर्षकात जातं. माझं मत विचाराल तर संरक्षणाच्या अभ्यासात मुख्य निकष म्हणून स्लाइडवर मोजलेला ॲसिनर पेशींचा (पाचक एन्झाइम बनवणाऱ्या पेशींचा) नाश घ्यावा. अमायलेज घेऊ नये, कारण पुढे येईलच.

पायरी २: मॉडेल निवडा, आणि ते कुठे फसवतं तेही शिकून घ्या

मॉडेल म्हणजे प्राण्यांत मुद्दाम घडवलेला आजार. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते सेरुलिन. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकाच्या त्वचेत सापडलेलं हे दहा अमिनो आम्लांचं पेप्टाइड कोलेसिस्टोकायनिन या स्वादुपिंडाला स्रवायला लावणाऱ्या संप्रेरकासारखं वागतं. शरीराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त मात्रा दिली की ॲसिनर पेशींचं स्रवणं तुंबतं, पेशीत कॅल्शियम वाढून राहतं, ट्रिप्सिनोजेन (ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमचं झोपलेलं रूप) आणि त्याला जागं करणारं कॅथेप्सिन-बी एकाच कप्प्यात येतात आणि ट्रिप्सिन आतल्या आत जागं होतं. त्याच वेळी, पण बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे, एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन दाहाची साखळी सुरू करतं. उंदरांत दर तासाला ५० मायक्रोग्रॅम प्रति किलो, पोटाच्या पोकळीत, ७ ते १२ वेळा हा प्रचलित क्रम आहे. शस्त्रक्रिया लागत नाही, निकाल बऱ्यापैकी एकसारखे येतात, मृत्यू जवळजवळ नसतात. रॅटमध्ये (उंदराहून मोठ्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यात) हेच मॉडेल मुख्यतः सूज देतं, पेशीनाश थोडाच.

सोपेपणाची किंमत अशी की हा रोग आपोआप बरा होतो. शेवटचं इंजेक्शन संपलं की थोड्याच तासांत उतार सुरू होतो आणि आठवडाभरात ऊती जवळपास पूर्ववत दिसतात. त्यामुळे ‘रोग झाल्यावर औषध’ तपासायला ७ इंजेक्शनांचं सेरुलिन दुबळं आहे; जे आपसूक सुधारतंय त्यात औषधाचा वाटा शोधायचा म्हणजे फार बारीक फरकामागे धावायचं. त्यासाठी १२ इंजेक्शनांचा क्रम घ्या, किंवा दुसरं मॉडेल.

दुसरा सापळा जास्त वाईट. तुमचं औषध कोलेसिस्टोकायनिनच्या ग्राहकावरच (पेशीवरच्या रिसेप्टरवर) बसत असेल तर सेरुलिनचा परिणामच होणार नाही. उंदीर ठणठणीत, आलेख सुंदर, आणि रुग्णाच्या दृष्टीने निष्कर्ष शून्य, कारण रुग्णाला सेरुलिनने आजार झालेला नसतो. हे तपासायला निरोगी उंदराच्या स्वादुपिंडातून कोलाजिनेजने सुट्या केलेल्या ॲसिनर पेशी घ्या, औषध घाला, आणि कमी मात्रेतल्या सेरुलिनने होणारं अमायलेजचं नेहमीचं स्रवणं तसंच राहतं का ते बघा. कमी झालं तर थांबून विचार करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पुढचे कित्येक प्राणी वाचवतं.

एल-आर्जिनिनचं मॉडेल तीव्र पेशीनाशाचं. रॅटमध्ये १०० ग्रॅम वजनामागे २५० मिलिग्रॅम, तासाभराच्या अंतराने दोनदा. उंदरांत किलोमागे ४ ग्रॅम, तसंच दोनदा. रोग हळूहळू चढतो, ऊतींचा नाश साधारण ७२ तासांनी शिखरावर असतो. उपचाराची खिडकी इथे खरोखर मोठी मिळते. द्रावणाचा पीएच ७ च्या आसपास आणलाच पाहिजे. मोकळं आर्जिनिन तीव्र अल्कली असतं आणि तसंच टोचलं तर तुम्ही स्वादुपिंडदाह नव्हे, पोटाच्या पोकळीची रासायनिक भाजणूक अभ्यासत बसाल. मृत्यूचं प्रमाण जात, वय आणि पुरवठ्याच्या बॅचप्रमाणे बदलतं, म्हणून पूर्वचाचणी टाळता येत नाही.

पित्ताच्या खड्यांमुळे होणाऱ्या आजाराच्या जवळ जायचं असेल तर रॅटच्या पित्त-स्वादुनलिकेत उलट्या दिशेने सोडियम टॉरोकोलेट सोडतात. ३ ते ५ टक्के द्रावण, किलोमागे १ मिलिलिटर, हे वारंवार वापरलं गेलेलं माप. फुफ्फुसाची इजा, रक्तदाब ढासळणं, मृत्यू, सगळं इथे दिसतं. मात्र सोडण्याचा दाब आणि वेग हाताने सांभाळला तर प्रत्येक प्राण्याचा आजार वेगळा होतो. सिरिंज पंप वापरा, आणि फक्त पोट उघडून नलिकेत सलाइन सोडलेला शॅम गट ठेवा. दारूच्या आजारासाठी इथेनॉल आणि पाल्मिटोलेइक आम्ल एकत्र टोचण्याचं मॉडेल आहे.

कोलीन काढलेला, इथिओनिन घातलेला आहार देऊनही लहान वयाच्या मादी उंदरांत प्राणघातक स्वादुपिंडदाह होतो. दिसायला सोपं, पण इथे विषाची मात्रा उंदराने किती खाल्लं त्यावर ठरते. तुमच्या औषधाने मळमळ होऊन भूक मेली की तो कमी खाणार, कमी आजारी पडणार, आणि तुम्ही म्हणणार औषध लागू पडलं. रोज खाद्य तोलल्याशिवाय हे मॉडेल हातात घेऊ नये.

एका मॉडेलवर विसंबायचंच नाही. ज्यांच्या सुरुवातीचं कारण वेगळं आहे अशी निदान दोन मॉडेल घ्या. पेशीत कॅल्शियम आत घेणारी ओराय-१ नावाची वाहिनी रोखणाऱ्या औषधांवर २०१५ मध्ये जे काम झालं त्यात पित्तआम्ल, सेरुलिन आणि दारू-मेदाम्ल अशी तीन मॉडेल होती, औषध रोग सुरू झाल्यानंतर दिलं होतं, आणि लवकर दिलेल्याचा फायदा उशिरा दिलेल्यापेक्षा जास्त हेही दाखवलं होतं. त्या कुळातलं औषध पुढे मानवी चाचण्यांपर्यंत गेलं. आखणीचा नमुना म्हणून ते काम डोळ्यासमोर ठेवायला हरकत नाही.

पायरी ३: परवानगी, वेदना आणि कुठे थांबायचं

प्राणी-नीती समितीची मंजुरी हे कागदी काम समजू नका. १९५९ साली मांडलेली पर्याय, घट आणि सुधारणा ही त्रिसूत्री आखणी सुधारतेच. स्वादुपिंडदाह हा अतिशय दुखणारा आजार आहे. ‘वेदनाशामकाने निकाल बिघडतील’ म्हणून काहीच न देणं हा युक्तिवाद टिकत नाही, कारण रुग्णाला वेदनाशामक मिळतंच. निवड मात्र विचाराने करा. उंदरांत मॉर्फिनने हा आजार चिघळतो असं दिसलेलं आहे, आणि दाहविरोधी वेदनाशामकं तर स्वतःच तुमच्या औषधाची स्पर्धक. ब्युप्रेनॉर्फिन बरेच जण वापरतात. जे द्याल ते सर्व गटांना, निरोगी गटालाही, त्याच मात्रेत, त्याच वेळी द्या आणि अहवालात लिहा.

मृत्यू हा निकष शक्यतो टाळा. वजनात ठरलेल्या टक्क्यांहून जास्त घट, शरीराचं तापमान खाली जाणं, हालचाल थांबणं, पाठ काढून बसणं, डोळे मिटलेले आणि केस उभे, या लक्षणांना गुण देणारा तक्ता बनवा आणि किती गुणांवर प्राण्याला वेदनेतून सोडवायचं, म्हणजे वेदनारहित मृत्यू द्यायचा, ते आधी लिहा. यात विज्ञानाचाही फायदा आहे: मरून तासनतास पडलेल्या प्राण्याचं स्वादुपिंड स्वतःच पचून गेलेलं असतं, ते काही सांगत नाही.

पायरी ४: गट, मात्रा, मार्ग आणि व्हेइकल

किमान चार गट: निरोगी आणि व्हेइकल, निरोगी आणि औषध, आजारी आणि व्हेइकल, आजारी आणि औषध. शेवटच्या गटाचे मात्रेप्रमाणे दोन किंवा तीन भाग. निरोगी आणि औषध हा गट पैसे वाचवायला गाळला जातो. मग औषधाने स्वतःच अमायलेज उतरतं की नाही हे कधीच कळत नाही.

व्हेइकलबद्दल थोडं सविस्तर. डीएमएसओ हा निष्पाप द्रावक नाही, त्याला स्वतःचा दाहविरोधी आणि अँटिऑक्सिडंट परिणाम आहे. व्हेइकल गटाला नुसतं सलाइन आणि औषध गटाला डीएमएसओ, अशी तुलना अजूनही छापून येते. प्रमाण आणि आकारमान दोन्ही गटांत तंतोतंत सारखं हवं. शक्य असेल तर व्हेइकल न दिलेला आणखी एक छोटा आजारी गट ठेवा, म्हणजे व्हेइकलचा वाटा वेगळा दिसेल.

देण्याचा मार्गही तितकाच महत्त्वाचा. सेरुलिन पोटाच्या पोकळीत आणि औषधही पोटाच्या पोकळीत, म्हणजे औषध थेट स्वादुपिंडावर ओतल्यासारखंच झालं. तिथे जी तीव्रता मिळते ती रुग्णाच्या शिरेतून किंवा तोंडातून कधीच मिळणार नाही. शिरेतून किंवा त्वचेखाली द्या. तोंडाने देणार असाल तर लक्षात ठेवा की या आजारात जठर आणि आतडं मंदावतं, शोषण बदलतं. म्हणून रक्तातली औषधाची पातळी आजारी प्राण्यांतच मोजा, निरोगी प्राण्यांवरून अंदाज नको.

मात्रा माणसाच्या आवाक्यातली आहे का, तेही आत्ताच बघा. शरीराच्या पृष्ठभागावर आधारित ढोबळ हिशेब असा: उंदराची मिलिग्रॅम प्रति किलो मात्रा १२.३ ने भागा, रॅटची ६.२ ने. उंदराला १०० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे माणसाला सुमारे ८.१, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला जवळपास ४९० मिलिग्रॅम. हे चालण्यासारखं आहे. उंदराला किलोमागे एक ग्रॅम देऊन मिळालेलं संरक्षण मात्र बहुतेक वेळा कागदावरच राहतं.

आणि वेळ. रोग सुरू होण्याआधीचा एक गट ठेवायला हरकत नाही, औषध मुळात काही करतं का हे त्यातून कळतं. पण त्याच्याबरोबर निदान दोन उशिराचे गट हवेत. १२ इंजेक्शनांच्या सेरुलिनमध्ये तिसऱ्या इंजेक्शनच्या सुमारास आणि शेवटच्या इंजेक्शननंतर, आर्जिनिनमध्ये २४ आणि ४८ तासांनी. पहिल्या सेरुलिन इंजेक्शनसोबत दिलेल्या औषधाला ‘उपचार’ म्हणू नका.

पायरी ५: किती प्राणी, आणि कोण कुठल्या गटात

‘प्रत्येक गटात ६, सगळे असंच करतात’ हे उत्तर समितीनेही स्वीकारू नये. अंदाज बांधायला एक जुनी युक्ती पुरते: दोन गटांतला अपेक्षित फरक भागिले प्रमाण विचलन, त्याचा वर्ग करा आणि १६ ला त्याने भागा. ८० टक्के शक्ती (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळीसाठी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) दर गटात लागणारी संख्या मिळते. फरक विचलनाच्या दीडपट असेल तर ७.१, म्हणजे ८ प्राणी. फरक विचलनाइतकाच असेल तर १६. वगळावे लागणाऱ्यांसाठी थोडे वर. मृत्यू हाच निकष धरला आणि तो ५० वरून २५ टक्क्यांवर येईल असं मानलं तर दर गटात ५५ च्या आसपास प्राणी लागतात. दहा-दहा उंदरांवर ‘मृत्यू निम्म्यावर आला’ असं लिहिणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

गटवाटणी संगणकाच्या यादृच्छिक क्रमाने करा, पिंजऱ्यातून हाताला लागेल त्या क्रमाने नको. हाताला आधी लागतो तो मंद उंदीर असतो. एकाच पिंजऱ्यात सगळ्या गटांचे उंदीर असतील असं बघा, नाहीतर पिंजराच तुमचा प्रायोगिक एकक होऊन बसतो, म्हणजे संख्या प्राण्यांची नव्हे, पिंजऱ्यांची धरावी लागते. नर आणि मादी दोन्ही घ्या. जातीचं नाव पूर्ण लिहा: सी५७बीएल/६जे आणि सी५७बीएल/६एन हे एकच नव्हेत, पहिल्यात मायटोकॉन्ड्रियाच्या एनएनटी जनुकात बिघाड आहे, आणि स्वादुपिंडदाहात मायटोकॉन्ड्रियाचं काम मध्यवर्ती आहे. जनुक बदललेले उंदीर एका उपजातीचे आणि तुलनेचे दुसऱ्या उपजातीचे असले तर मिळालेला फरक कशामुळे हे सांगताच येणार नाही.

कुप्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक असावेत आणि तो क्रम प्रयोगात हात नसलेल्या माणसाकडे असावा. कर्क्युमिनसारखं पिवळंजर्द औषध असेल तर सिरिंज अपारदर्शक पट्टीने गुंडाळा, किंवा टोचणारा आणि मोजणारा वेगळा ठेवा.

पायरी ६: पूर्वचाचणी आणि प्रत्यक्ष दिवस

मुख्य प्रयोगाआधी औषधाशिवाय मॉडेल तुमच्या खोलीत, तुमच्या प्राण्यांत, तुमच्या हाताने बसतं का ते थोड्या प्राण्यांवर बघा. सेरुलिनची नवी बॅच आली की पुन्हा बघा. पावडर सलाइनमध्ये विरघळवून एका दिवसाला पुरतील अशा छोट्या कुप्यांत गोठवून ठेवा. वितळवलेली पुन्हा गोठवू नका.

सेरुलिनच्या दिवशी उंदरांना आदल्या रात्रीपासून अन्न बंद, पाणी चालू. उपास लांबवू नका, उंदराला एक रात्रही भारी पडते. सकाळी वजन, त्यावरून प्रत्येकाचं आकारमान काढून तक्ता भिंतीला. इंजेक्शनांची वेळ घड्याळाने पाळायची, बाजू आलटून पालटून, आणि प्राण्यांचा क्रम गटांनुसार नको, मिसळलेला हवा. पहिला गट सकाळी आणि शेवटचा संध्याकाळी संपवला तर दिवसाच्या लयीचा फरक औषधाच्या खात्यात जमा होतो. पिंजऱ्याखाली उब ठेवा.

द्रवाबद्दल एक गोष्ट बहुतेक प्रयोगांत राहून जाते. रुग्णाला द्रव मिळतं, उंदराला मिळत नाही. मग रक्ताभिसरण सुधारणारं कुठलंही औषध उंदरात चमत्कार करतं, आणि द्रव मिळालेल्या माणसात त्याला करायला काही उरत नाही. म्हणून सगळ्या गटांना त्वचेखाली सारखंच, माफक द्रव द्या. माफकच, कारण २०२२ च्या वॉटरफॉल चाचणीत आक्रमकपणे द्रव दिलेल्या रुग्णांना फायदा तर झाला नाहीच, उलट द्रवाचा अतिभार २०.५ टक्के जणांत झाला. माफक द्रव मिळालेल्यांत तो ६.३ टक्के होता.

पायरी ७: ऊती काढणं

इथे मिनिटं मोजायची. एन्झाइमने भरलेला हा अवयव प्राणी गेल्याक्षणी स्वतःला पचवू लागतो. भूल देऊन रक्त घ्या, आणि पोट उघडल्यावर पहिल्यांदा स्वादुपिंडच काढा. प्राण्यामागे वेळ सारखाच लागला पाहिजे. चरबी आणि लसिकाग्रंथी अलगद वेगळ्या करा, चिमट्याने चिरडू नका, चिरडलेल्या कडा स्लाइडवर पेशीनाशासारख्या दिसतात. डोकं, मध्य आणि शेपूट यांपैकी कुठला भाग कशासाठी हे आधी ठरवून सगळ्यांत तेच करा, कारण आजार सगळीकडे सारखा नसतो. एक भाग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, एक द्रव नायट्रोजनमध्ये, एक तोलून ओलं-कोरडं वजन काढायला. ट्रिप्सिन मोजायच्या भागात प्रोटिएज रोधक घालू नका. आरएनए हवा असेल तर तो भाग सगळ्यात आधी, कारण स्वादुपिंडात आरएनएज भरपूर. डावं फुफ्फुस आणि आतड्याचा तुकडाही राखून ठेवा.

पायरी ८: काय मोजायचं आणि कशावर विश्वास ठेवायचा नाही

अमायलेज आणि लायपेज रोग झाला की नाही एवढं सांगतात. किती झाला हे सांगत नाहीत. माणसातही निदानासाठी नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट हा उंबरठा आहे, पण आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर असं नसतं. आर्जिनिन दिलेल्या रॅटमध्ये अमायलेज २४ तासांच्या आसपास वर जाऊन नंतर उतरतं, नेमकं तेव्हा ऊती जास्तीत जास्त उद्ध्वस्त असतात, कारण अमायलेज बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. ४८ तासांनी अमायलेज कमी सापडलं म्हणून औषधाला श्रेय देणारा निबंध हातात आला तर स्लाइडचे फोटो शोधा.

मुख्य काम सूक्ष्मदर्शकाखाली. १९९२ पासून वापरात असलेल्या श्मिट गुणपद्धतीत सूज, ॲसिनर पेशीनाश, रक्तस्राव-मेदनाश आणि दाहपेशी यांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. बेरीज छापा, पण चारही घटक वेगळे दाखवा. सेरुलिनमध्ये सूज इतकी ठळक असते की फक्त सूज उतरवणारं औषधही बेरजेत देखणं दिसतं. पेशीनाशाचं क्षेत्र टक्क्यांत मोजलं तर आणखी चांगलं. प्रत्येक प्राण्याची निदान १० क्षेत्रं, जागा यादृच्छिक, मोजणारे दोघे, दोघांनाही गट माहीत नसावा. आणि दहा क्षेत्रं म्हणजे दहा प्राणी नव्हेत. प्राण्यामागे एकच सरासरी आकडा पुढे न्यायचा.

ट्रिप्सिनची क्रिया चमकणाऱ्या पेप्टाइड सबस्ट्रेटने मोजतात. सेरुलिनमध्ये ती पहिल्या तासाभरातच वर जाते, तेव्हा त्यासाठी लवकर सोडवलेला वेगळा छोटा गट लागतो. औषध प्रोटिएज रोधक असेल तर वाटलेल्या ऊतीत शिल्लक राहून ते नळीतच ट्रिप्सिनला दाबतं. निरोगी ऊतीच्या अर्कात शुद्ध ट्रिप्सिन आणि औषध घालून हे ताडून बघा.

मायलोपेरॉक्सिडेज हे न्यूट्रोफिलमधलं एन्झाइम त्यांचा प्रचलित मापक. रक्तस्राव झालेल्या ऊतीत हिमोग्लोबिनही तशीच रंगप्रक्रिया देतं, म्हणून प्रतिपिंडाने रंगवून पेशी मोजलेल्या बऱ्या. उंदरांत सीआरपी (माणसात दाह मोजायला वापरलं जाणारं रक्तातलं प्रथिन) मोजण्यात अर्थ नाही, तिथे ते फारसं वाढतच नाही. सीरम अमायलॉइड-ए किंवा आयएल-६ घ्या. फुफ्फुसातल्या दाहपेशी आणि फुफ्फुस धुतलेल्या द्रवातलं प्रथिन जरूर मोजा. रुग्ण दगावतो तो मुख्यतः अवयव निकामी झाल्याने, आणि २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात ४८ तासांहून जास्त टिकणारं अवयव-अपयश हीच गंभीर आजाराची खूण आहे. स्वादुपिंड सुधारलं आणि फुफ्फुस तसंच राहिलं, तर तेही स्पष्ट सांगा.

एक गट ७ दिवसांपर्यंत ठेवा. दाह दाबणारं औषध दुरुस्तीही दाबू शकतं, किंवा आतड्यातले जिवाणू बाहेर पडायला वाट करून देऊ शकतं. निरुपद्रवी मानलेल्या गोष्टीही इथे उलटल्या आहेत: २००८ च्या डच चाचणीत गंभीर आजाराची शक्यता असलेल्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं, तेव्हा मृत्यू १६ टक्के झाले, प्लासिबो गटात ६ टक्के, आणि काही रुग्णांच्या आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला होता. आतड्याचा तुकडा राखायला सांगितला तो म्हणून.

पायरी ९: आकडेमोड

गुण हे क्रमवाचक असतात. त्यांना क्रुस्कल-वॉलिस किंवा मान-व्हिटनी या क्रमावर आधारित चाचण्या. अनेक मात्रा एकाच व्हेइकल गटाशी ताडायच्या तर डनेटची चाचणी. सायटोकाइनचे आकडे लॉगमध्ये नेऊन बघा. सरासरीच्या खांबाऐवजी प्रत्येक प्राण्याचा ठिपका दाखवा.

एका जागी मात्र थांबायला हवं. व्हेइकल गटातले सगळ्यात आजारी प्राणी २४ तासांच्या आत गेले तर ऊतींसाठी उरतात ते सौम्य आजाराचे. औषधाने ते वाचवले असतील तर औषध गटात गंभीर आजारी प्राणीही जिवंत मोजले जातात, आणि स्लाइडवर चांगलं औषध वाईट दिसतं. उलटही होऊ शकतं. म्हणून लवकर सोडवलेल्या प्राण्याला गाळू नका. त्याच्या ऊती त्याच क्षणी घ्या, किंवा त्याला सर्वांत वाईट क्रमांक देऊन क्रमावर आधारित तुलना करा. कुठली पद्धत, हे प्रयोगाआधी लिहून ठेवलेलं असावं.

पायरी १०: दुसऱ्या मॉडेलमध्ये पुन्हा, मग अहवाल

पहिल्या मॉडेलमध्ये जी मात्रा आणि जी वेळ चालली तीच दुसऱ्यात न्या, नव्याने जुळवत बसू नका. दोन्हीत उशिरा दिल्यावरही मुख्य निकष सुधारला तर पुढे जाण्यासारखं काही हाती आहे. फक्त आधी दिल्यावर चाललं तर ईआरसीपीच्या रुग्णांचा विचार करा आणि निबंधात तसंच लिहा. फक्त सेरुलिनमध्ये चाललं तर पायरी २ मधल्या ग्राहकाच्या तपासणीकडे परत जा.

अहवालासाठी अराइव्ह ही प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडायचे ते सांगणारी मार्गदर्शिका आहे. २०१० ची, २०२० मध्ये सुधारलेली, त्यातल्या दहा बाबी अत्यावश्यक म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. त्याशिवाय या विषयापुरतं मी आग्रहाने मागेन ते असं: सेरुलिनचा पुरवठादार आणि बॅच, उपासाचे तास, वेदनाशामकाचं नाव आणि मात्रा, व्हेइकलचं नेमकं प्रमाण, प्राण्याला सोडवल्याची वेळ, वगळलेले प्राणी आणि कारण. औषध रोगाच्या आधी दिलं की नंतर, किती तास, हे गोषवाऱ्याच्या पहिल्या दोन वाक्यांत यावं. निकाल नकारात्मक असला तरी कच्चे आकडे सार्वजनिक भांडारात टाका, म्हणजे दुसरी कुणी प्रयोगशाळा तेच औषध, त्याच मात्रेत, पुन्हा तितक्याच उंदरांवर तपासायला बसणार नाही.